एका लेथवर अनेक कामे

छोट्या वर्कशॉपमध्ये स्लॉटर (खाचा पाडणारे यंत्र) किंवा डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडणारे साधन) नसले, तरी त्यांची बरीचशी कामे लेथवर, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, होऊ शकतात, आणि याच गुणामुळे हे यंत्र मला सर्वांत जवळचे वाटते. पुलीच्या भोकात की-वे (शाफ्टची चावी बसण्याची खाच) पाडायचा असेल, तर मोटरचा वीजपुरवठा तोडून स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) पक्का अडकवावा, बोअरिंग बारमध्ये (भोकात शिरणाऱ्या टूलच्या दांड्यात) की-वेच्या रुंदीचे टूल बसवावे आणि कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) हाताने पुढेमागे चालवत दर फेरीला अगदी थोडा कट द्यावा. काम सावकाश होते, पण खाच सरळ येते. फ्लँजवर (जोडणीच्या चकतीवर) समान अंतराची भोके आखण्यासाठी स्पिंडलवर बसवलेला 60 दात्यांचा गिअर आणि दात्यात अडकणारी एक पिन पुरते, कारण 60 ला 3, 4, 5, 6, 10 आणि 12 या सर्वांनी पूर्ण भाग जातो.

वेळ खरा वाचतो तो सेटिंगमध्ये, म्हणजे जॉब पकडून जुळवण्यात. फेसिंग (टोक सपाट करणे), टर्निंग (बाहेरून कातणे), ड्रिलिंग आणि बोअरिंग (भोक आतून मोठे करणे) एकाच पकडीत उरकले, तर बाहेरचा व्यास आणि भोक एककेंद्री राहतात. जॉब काढून तीन जबड्यांच्या चकमध्ये (जॉब धरणाऱ्या पकडीत) पुन्हा धरला, की थोडा रनआउट (फिरताना मध्यापासून ढळणे) येतोच, आणि तो घालवायला चार जबड्यांचा चक व डायल इंडिकेटर (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) घ्यावा लागतो. म्हणून पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणे) मी नेहमी शेवटी ठेवतो.