उरलेला नाताळ

इंग्लंडात नाताळ एका रात्रीत संपतो. नोव्हेंबरपासून दुकानादुकानांत घंटा किणकिणत असतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत दिव्यांच्या माळांची चढाओढ लागलेली असते, २५ डिसेंबरला तर सगळा देश दारं लावून घरात बसतो, इतका की त्या दिवशी रेल्वेही धावत नाही. आणि १ जानेवारीला दूध आणायला सुपरमार्केटात जावं, तर परवापर्यंत जिथे पुडिंगं रचून ठेवली होती तिथे ईस्टरची चॉकलेटची अंडी मांडलेली! दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवून खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही घाई काही पटत नाही. डब्याच्या तळाशी शेवटची चकली मऊ पडल्याशिवाय सण संपला असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे.

पण हा झाला मोठ्यांचा नाताळ. लहान मुलं असलेल्या घरात तो पुढे कितीतरी दिवस कानाकोपऱ्यांतून निघत राहतो. आम्ही रेडिंगला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. जानेवारीत सोफ्याच्या गादीखाली हात घातला की काय लागेल सांगता येत नाही. चॉकलेटची चांदी, क्रॅकरमधून, म्हणजे नाताळच्या जेवणाआधी दोघांनी ओढून फोडायच्या कागदी नळीतून निघालेली टोपी, रिमोटच्या गाडीचं चाक, आणि ‘सुट्टीत रोज वाचून घ्या’ म्हणून शाळेने बजावून पाठवलेलं पुस्तक, ज्याचं अजून पहिलं पानही उलटलेलं नाही. ज्यांना स्वतःला मुलं नाहीत असे मित्र नेमकी आवाज करणारी खेळणी भेट देतात. धाकट्याला या वेळी अग्निशमन बंब मिळाला. बायकोने तिसऱ्याच दिवशी त्याच्या बॅटऱ्या गुपचूप काढून घेतल्या आणि ‘संपल्या बाळा’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून धाकटा सायरन तोंडाने वाजवतो. बॅटरीचा आवाज निदान एका सुरात तरी होता.

जानेवारीतली खरी पंचाईत मात्र वेगळीच असते. सांताचा धाक संपतो. डिसेंबरभर ‘सांता बघतोय हं’ एवढ्या तीन शब्दांवर आमचं घर चाललं होतं. भाजी खाल्ली जात होती, दात घासले जात होते, मोजे दोन्ही पायांत चढत होते. २६ तारखेला सकाळी मी सवयीने तेच म्हणालो, तर धाकटा शांतपणे म्हणाला, “तो आता बघत नाही. तो झोपलाय.” आणि ताटातले मटार एकेक करून बाजूला काढू लागला. तर्कात खोट काढायला जागाच नव्हती.

संध्याकाळी सांगलीला आईला फोन लावला तेव्हा हे गाऱ्हाणं तिच्या कानावर घातलं. तिने लगेच सूत्रं हातात घेतली.

“आता संक्रांत येतेय. शहाण्यासारखा वागेल त्यालाच हलव्याचे दागिने.”

“हलवा कोण आणतं?” धाकट्याने विचारलं.

“मी.”

“पण तू सांगलीला आहेस. तुला दिसत नाही.”

“फोनमधून दिसतंय की! ते मटार कोण खाणार?”

धाकट्याने फोन पालथा घातला आणि मग मटार वाटीत परत टाकले. सांता उत्तर ध्रुवावरून जे करतो ते सांगलीच्या गावभागातून होतं, हे मला तेव्हा कळलं.

सुट्टी संपली की शाळा उघडते, पण लगेच मुलांसाठी उघडते असं नाही. पहिल्या दिवशी पुष्कळ ठिकाणी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं, मुलं घरीच. वर्षात असे पाच दिवस असतात. केनेथ बेकर शिक्षणमंत्री असताना १९८८च्या सुमारास ते सुरू झाले, म्हणून जुने लोक त्यांना अजून ‘बेकर डे’ म्हणतात. शिक्षकांना शिकायला वेळ हवा हे मान्य. तो आईबापांचं ऑफिस सुरू होतं त्याच सोमवारी का हवा, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात मीटिंग घेतली. सहकाऱ्यांना सायरन ऐकू येत होता. आमच्या भागात आग लागलीय का, अशी एकाने काळजीने चौकशीही केली.

मग प्रत्यक्ष शाळेची पहिली सकाळ. डिसेंबरमध्ये नीट बसणारे थोरलीचे काळे बूट आता पायात जात नाहीत. स्वेटर सापडतो, पण तो वर्गातल्या दुसऱ्याच कुणाचा तरी. आणि बाहेर मिट्ट काळोख. थोरलीला शाळेत सांगितलंय की २१ डिसेंबर हा सगळ्यांत लहान दिवस, तिथून पुढे दिवस मोठा होत जातो. तिने सकाळी सातला पांघरुणातून तोंड बाहेर काढून विचारलं, “मग अजून रात्र का आहे?”

प्रश्न रास्त होता. रेडिंगला जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आठ वाजून गेल्यावरच उगवतो. गंमत अशी की सगळ्यांत उशिरा उजाडतं ते २१ डिसेंबरला नाहीच, ते नवीन वर्ष लागतं त्या सुमाराला. पृथ्वीचा आस कललेला, तिची वाट थोडी लंबगोल, त्यामुळे या दिवसांत सूर्य डोक्यावर यायची वेळ रोज अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलली जाते. म्हणून दिवस वाढतो खरा, पण आधी संध्याकाळच्या टोकाने. सकाळ रेंगाळतच राहते. हे सगळं मी टॉर्च आणि एक संत्रं घेऊन समजावत होतो. थोरली लक्ष देऊन ऐकत होती. पृथ्वीवर वसंत ऋतू यायच्या आत धाकट्याने पृथ्वी सोलून खाल्ली.

आई दर संक्रांतीला म्हणते, दिवस तिळातिळाने वाढतो. सांगली-पुण्याकडे ते अगदी खरं आहे. २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत तिकडचा दिवस फार तर दहा मिनिटांनी वाढत असेल. इथे तेवढ्यात तो जवळजवळ अर्ध्या तासाने वाढतो. शाळा सव्वातीनला सुटते. डिसेंबरात बागेत घसरगुंडीवर दोन फेऱ्या झाल्या की अंधार पडायचा. जानेवारीच्या मध्याला घसरगुंडी, झोका आणि झोक्यावरून भांडण एवढं सगळं उजेडात उरकतं. अंधाराच्या देशात राहायला आल्यावर मला उत्तरायणाचं मोल कळलं. गावाकडे ते नुसतं कालनिर्णयात असायचं.

झाड उतरवायचा दिवस कोणता, यावर इथे दरवर्षी वाद होतो. नाताळचे बारा दिवस २५पासून मोजले तर ५ जानेवारी, २६पासून मोजले तर ६. त्यानंतर सजावट घरात राहिली तर वर्ष वाईट जातं, असं आमच्या शेजारच्या आजीबाई गंभीरपणे सांगतात. पूर्वी म्हणे असं नव्हतं. काही शतकांपूर्वी इथली माणसं घरातली हिरवी डहाळी थेट २ फेब्रुवारीपर्यंत, कँडलमासच्या सणापर्यंत ठेवत. ते लोक मला आपले वाटतात. एवढा खटाटोप करून आणलेला सण बारा दिवसांत कसला बाहेर काढता!

आमचं झाड खरं होतं, नॉर्डमन फर. याच्या सुया लवकर गळत नाहीत असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि झाड उभं होतं तोवर त्या खरोखर गळल्या नाहीत. त्या गळल्या झाड दारातून आडवं बाहेर काढताना, भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या गालिच्यावर, पायरी पायरीने. गावातल्या हॉस्पिसचे स्वयंसेवक जानेवारीत घरोघरी व्हॅन घेऊन येतात. त्यांना देणगी द्यायची, ते झाड नेतात आणि त्याचा भुगा करून बागांमध्ये टाकतात. ही पद्धत मला फार आवडते. मरणाच्या दारातल्या माणसांची सेवा करणारी संस्था आपला खर्च भागवायला जुन्या झाडांवर अवलंबून आहे, आणि पावसात झाडं उचलायला येतात ते साठी उलटलेले आजोबा.

झाड व्हॅनमध्ये चढू लागलं तेव्हा धाकट्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता भोकाड पसरणार. त्याने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “गणपती बाप्पा मोरया!” त्याच्या लेखी सजवलेली गोष्ट घराबाहेर निघाली की हेच म्हणायचं असतं. थोरलीने “पुढच्या वर्षी लवकर या” म्हणून ते पूर्ण केलं. व्हॅनमधल्या आजोबांनी टोपी काढून दोघांना अभिवादन केलं. काय चाललंय हे त्यांना बहुधा कळलं नसावं, पण काहीतरी रीतीचं चाललंय एवढं त्यांनी ओळखलं.

खाण्याचं म्हणाल तर क्वालिटी स्ट्रीट चॉकलेटांचा डबा फडताळात होताच. त्यात जांभळ्या कागदातली हेझलनटवाली गोळी नाताळच्या संध्याकाळीच दिसेनाशी होते, आणि शेवटी संत्र्याच्या नि स्ट्रॉबेरीच्या क्रीमच्या तेवढ्या राहतात. त्या खाणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी त्या एका वाडग्यात काढल्या आणि डबा धुऊन पुसून कोरडा केला, कारण तिळगुळाला डबा हवा होता.

तिळगूळ शाळेत नेता येत नाही, हे थोरलीला समजावणं सूर्य समजावण्यापेक्षा कठीण गेलं. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांवर ठळक लिहायलाच हवीत अशा १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. तिच्यात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, मोहरीसुद्धा आहे. म्हणजे आमच्या मिसळणाच्या डब्यापासून संक्रांतीच्या लाडवापर्यंत सगळेच यादीत. वर्गात एका मुलाला तिळाची खरोखरच गंभीर ॲलर्जी आहे, तेव्हा नियमावर माझी काही तक्रार नाही. पण ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यातला तिळगूळ वजा केला तर उरतं काय? “गोड बोला,” थोरली म्हणाली. तिने कार्डाच्या कागदाचे छोटे पतंग कापले, प्रत्येकावर इंग्रजीत ‘गोड बोला’ लिहिलं आणि वर्गात वाटले. त्याच दिवशी जेवणाच्या रांगेत ढकलाढकली केल्याबद्दल तिची घरी चिठ्ठी आली.

बोरन्हाण मात्र घरचं, तिथे कुणाची आडकाठी नव्हती. धाकट्याचं हे शेवटचंच, पुढच्या वर्षी तो पाच पुरा करेल. आईने एका ओळखीच्या बाईंच्या सामानातून हलव्याचे दागिने धाडले होते: मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. हिथ्रोपर्यंतच्या प्रवासात बासरीचा तुकडा पडला, पण हलव्याचा काटा जसाच्या तसा. बोरं आणायला मी मुद्दाम वेंबलीला ईलिंग रोडवर गेलो. तिथे उंधियुची पापडी होती, ऊस होता, ओले हरभरेही होते. बोरं संपली होती.

मग बायकोला मुलांच्या नाताळच्या मोज्यांतली सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी आठवली. एक जाळी अजून फुटायची होती. ही नाणी मोज्यात घालण्यामागे संत निकोलसची गोष्ट सांगतात: तीन गरीब मुलींच्या हुंड्याची सोय व्हावी म्हणून त्याने रात्री त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. सांताचं मूळ हुंड्यापाशी पोचतं हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तिकडेही होतंच की.” चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे, हलवा आणि वरून संत निकोलसची नाणी, असं ताट तयार झालं.

धाकट्याने काळं झबलं घालायला साफ नकार दिला. रडारड, मनधरणी, फोनवर आजीचा धाक, सगळं झालं. शेवटी तो खोलीत गेला आणि नाताळला मिळालेला बॅटमॅनचा पोशाख चढवून आला. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी फोनकडे.

आईने चष्मा वर केला. “काळं आहे ना? मग झालं.”

तर बॅटमॅनच्या गळ्यात हलव्याचा हार, दंडावर बाजूबंद, दोन टोकदार कानांच्या मधोमध मुकुट, आणि हातात अर्धी बासरी. औक्षण झालं. ताट त्याच्या डोक्यावर उपडं केलं आणि जमलेली सगळी पोरं गालिच्यावर तुटून पडली. थोरलीने उसाला हातही लावला नाही, थेट नाणी गोळा केली. गेल्या महिन्यातल्या फरच्या सुया आणि आजचे चुरमुरे एकाच मुठीत येत होते.

शेजारचा धाकट्याच्या वर्गातला गोरा मुलगाही आला होता. त्याच्या आईला तिळाचं आधीच विचारून घेतलं होतं. त्याने दोन्ही खिसे गच्च भरले, उरलेलं टोपीत घेतलं, आणि आपल्या घरी हे का करत नाहीत असं आईला जाब विचारल्यासारखं विचारलं. ती हसत माझ्याकडे वळली: हे कधी करायचं असतं? मी तिला चुरमुऱ्यांची अर्धी पिशवी दिली आणि सांगितलं, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. रथसप्तमी म्हणजे काय ते थोरलीने सांगितलं. फोनमधून आईने तेवढ्यात ओरडून विचारलं की त्या पोराकडे काळे कपडे आहेत का, नसतील तर बॅटमॅन उसना द्या.