गुहागरचे शंख टँकमध्ये जाईपर्यंत

माझ्या दोन फुटी टँकमध्ये मल्टी आहेत, म्हणजे आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले ते इंच-दीड इंचाचे मासे, गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतात आणि अंडीही तिथेच घालतात. गुहागरला गेलो तेव्हा म्हटलं शंख विकत कशाला घ्यायचे, पिशवीभर वेचले. कवड्या सोडून दिल्या, फट बारीक असते, मासा आत जाणार कुठून. आणि प्रत्येक शंख उलटा करून बघितला, बऱ्याच शंखांत खेकडे बिऱ्हाड करून होते, ते तिथेच ठेवले.

घरी आल्यावर पहिला गाढवपणा व्हिनेगर. जंतू मरतील म्हणून रात्रभर बुडवले, सकाळी बघतो तर चकाकी गेलेली, खडूसारखे पांढरट. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खाणारच, शाळेत शिकलेलं पण ऐनवेळी आठवेल तर शपथ!

उरलेले गोड्या पाण्यात ठेवले, रोज पाणी बदललं, टूथब्रशने घासले, मग उकळले. थंड पाण्यात टाकून मगच गॅस लावायचा आणि त्याच पाण्यात निवू द्यायचे, मी घाईत दोन नळाखाली धरले, दोन्हींना तडा. ते पातेलं आईने स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार केलंय.

पण खरी भानगड शेवटच्या वेढ्यात. बाहेरून चकचकीत आणि आत टोकाला मेलेल्या जिवाचा तुकडा अडकलेला, ब्रश तिथे पोचत नाही आणि उकळून तो नुसता शिजतो. टँकमध्ये कुजला की अमोनिया वाढणार आणि मासे जाणार. शेवटी गॅलरीत कुंडीजवळ तोंड खाली करून ठेवले, चार दिवसांत मुंग्यांनी जे काम केलं ते माझ्याच्याने झालं नसतं. त्यानंतर बिनवासाचं साधं ब्लीच अगदी थोडं पाण्यात, अर्धा तास, मग भरपूर धुवून एक दिवस अँटीक्लोरीनच्या (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाच्या) पाण्यात, मग कडक ऊन. (ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.)

तरी भरवसा नव्हता म्हणून एकेक शंख झाकणाच्या बरणीत पाण्यात तीन दिवस ठेवला आणि उघडून वास घेतला. दोन नापास, सरळ कचऱ्यात.

शंखांनी पाणी जड होतं, म्हणजे त्यातले क्षार वाढतात, आणि पीएच वर जातो. मल्टींना तेच हवं असतं, पण भावाकडे निऑन टेट्रा आहेत, त्या माशांना उलट मऊ पाणी लागतं, तेव्हा भावाला एकही शंख दिला नाही, म्हणून अजून रुसलाय. इकडे मल्टींनी पहिल्याच रात्री वाळू उकरून निम्मे शंख पुरून टाकले, फक्त तोंडं वर.