अभ्यासक्रम कधी संपवता, असे विचारलेत म्हणून

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी सहकाऱ्यांनी, शाळेच्या फाटकाशी पालकांनी आणि दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्यांनीही मला एकच प्रश्न विचारला आहे: सहावी-सातवीची मुले गणिताच्या तासाला मैदानावर दिसतात, विज्ञानाच्या तासाला पराती आणि बाटल्या मांडून बसतात, मग मॅडम, तुमचा अभ्यासक्रम संपतो कधी? आजवर मी विषय बदलत आले. आता उत्तर देते. अभ्यासक्रम संपतो, पण वेळेवर संपत नाही, आणि मार्चमध्ये काही प्रकरणे मी घाईत उरकते, हे मला मान्य आहे.

मात्र हे सगळे मुलांना मजा यावी म्हणून चालते, असे तुम्ही गृहीत धरता, ते मला लागते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे आमच्या बीड जिल्ह्यातल्या मुलांना घरच्या बोलण्यातूनच ठाऊक असते. मैदानावर दोरी धरून फक्कीने गुंठा आखायला त्यांना फारसा वेळ लागत नाही. पण त्यानंतर मी 'आता अर्धा गुंठा आखा' असे सांगते, तेव्हा बहुतेक गट दोन्ही बाजू निम्म्या करतात, साडेसोळा फुटांचा चौरस आखतात आणि समाधानाने माझ्याकडे पाहतात. मग कोणीतरी म्हणते की असे चार चौरस या गुंठ्यात बसतात, आणि उरलेला तास भांडणात जातो. हे भांडण फळ्यावर होत नाही. फळ्यावर लांबी गुणिले रुंदी लिहिले की सगळ्यांचे उत्तर बरोबर येते आणि चूक आतच राहून जाते. त्या एका तासाचा हिशेब तुम्ही माझ्याकडे मागता, तर तो असा आहे.

तरीही खरे कारण हे नाही. खरे कारण सांगायला मला जड जाते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी दरवर्षी मेणबत्तीचा प्रयोग करून दाखवत असे. परातीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उलटा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते, आणि मी सांगत असे की जळताना ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी सुमारे एक पंचमांश चढले. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, त्यामुळे आकडाही जुळत असे. मुले टाळ्या वाजवत. एका वर्षी हा प्रयोग मार्चअखेरीस झाला. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली एक मुलगी आठवड्यापूर्वीच परतली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, मेणबत्ती जळत व्हती तवर पाणी चढलंच नाही. इझल्यावर एकदम चढलं. अन् आधी ग्लासाखालून बुडबुडे आले." मी म्हटले, "चार महिने शाळेत नव्हतीस, आधी मागचे वाचून घे, मग शंका काढ." वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर तिने माझ्या तासाला कधीही हात वर केला नाही. पुढच्या हंगामात ती पुन्हा कारखान्यावर गेली आणि शाळेत परतली नाही. त्याचा माझ्या वाक्याशी संबंध नाही, घरची परिस्थितीच तशी होती, असे सहकारी सांगतात. मलाही तसेच वाटते, आणि तेवढ्याने माझे समाधान होत नाही.

तिने जे पाहिले होते ते अचूक होते. ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावते आणि काही हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जाते. मेणबत्ती विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन पूर्ण संपलेलाही नसतो. दोन वर्षांनी एका गटाने हट्टाने तीन मेणबत्त्या लावल्या आणि पाणी कितीतरी जास्त चढले, तेव्हा माझ्या लक्षात आले. ग्लासातला ऑक्सिजन काही मेणबत्त्यांच्या संख्येने वाढत नाही.

तेव्हाची मी आज समोर असते, तर म्हणाली असती की चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक शंकेमागे धावले तर शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे नुकसान होते. तिचे म्हणणे मी खोडू शकत नाही. ते नुकसान होते. पण ती ज्याला प्रयोग म्हणत होती, तो प्रयोग नव्हता. उत्तर आधी ठरलेले होते आणि मुलांच्या डोळ्यांना साक्षीपुरते बोलावलेले होते.

आता ऑक्सिजनचा भाग मोजायचा असेल तर आम्ही ओल्या परीक्षानळीच्या आत लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात उलटी ठेवतो. कीस गंजतो, ऑक्सिजन वापरला जातो, आणि पाणी हळूहळू सुमारे एक पंचमांशापर्यंत चढते. याला काही दिवस लागतात. मुले रोज पट्टीने मोजून वहीत लिहितात, आणि तुम्ही विचारता ते दिवस असे जातात.

मेणबत्तीचा प्रयोगही मी सोडलेला नाही. पण तो आता ऊसतोडीची मुले परतल्यावरच करते, आणि आधी काहीच सांगत नाही. पाणी नेमके केव्हा चढले, एवढेच विचारते. कधी त्यासाठी एप्रिल उजाडतो. तोवर माझ्या नोंदवहीत ते प्रकरण अपूर्ण असते.