उलटी वाहणारी नदी

रविवारी पहाटेच यशिका मॅट १२४जी हा जुना फिल्म कॅमेरा गळ्यात अडकवला आणि नदीकाठच्या एका जुन्या गावात जाऊन आलो. बॅगेत १२० आकाराच्या फिल्मचा एकच रोल, म्हणजे मोजून १२ फोटो, मोबाईलवर तेवढे तर मी गाडी लावता लावताच काढले असते!

१९७० मध्ये आलेलं मॉडेल हे, दोन लेन्सवालं, वरच्या लेन्सने बघायचं आणि खालचीने फोटो निघतो. उजेड मोजणाऱ्या मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा तो कधीच बंद झाला, आणि त्याजागी दीड व्होल्टचा टाकला की मीटर थापा मारतो, म्हणून मी त्याच्या नादीच लागत नाही. १०० आयएसओची (म्हणजे तेवढ्या संवेदनशीलतेची) फिल्म आणि कडक ऊन असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६, शटर १/१२५ सेकंद, विषय संपला. गल्लीत सावली लागली की छिद्र तीन स्टॉप उघडायचं, दर स्टॉपला उजेड दुप्पट. चमकणारं पाणी आणि काळी दगडी भिंत एकाच फ्रेममध्ये आली तर मी भिंतीचं ऐकतो, म्हणजे उजेड तिच्या हिशोबाने ठेवतो, निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड पचवते पण अंधारात जे गेलं ते गेलंच.

खरी गंमत फाइंडरमध्ये, म्हणजे बघायच्या काचेत. मान खाली घालून काचेत बघायचं (मान खाली असलेल्या माणसाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, हा बोनस), चित्र उभं सरळ पण डावं-उजवं उलटं, त्यामुळे नदीच उलटी वाहते. पुलाखालून एक होडी येत होती, खरी उजवीकडून, काचेवर डावीकडून, मी सवयीने कॅमेरा डावीकडे वळवला तर ती काचेतून पार गायब! परत उजवीकडे फिरलो, पायरीवर पाय सटकला, कसाबसा सावरलो आणि क्लिक. लागला एकदाचा.

मग एका दाराची पितळी कडी अगदी जवळून घेतली, आणि बघायची लेन्स फोटोच्या लेन्सपेक्षा वर असते हे विसरलो, त्यामुळे फोटोत कडीचं डोकंच उडालंय.

स्कॅन आले तेव्हा होडीचा फोटो बघून डोकंच फिरलं, लॅबने निगेटिव्ह उलटी ठेवून स्कॅन केली म्हणून. फोन लावणारच होतो, तेवढ्यात होडीवर रंगवलेला नंबर दिसला. सरळ वाचता येत होता.