हा आकडा कुठून आला?

काही वर्षांपूर्वी करखात्याकडून माझ्या नावे एक पत्र आले. मी भरलेल्या विवरणपत्रात आणि खात्याकडील नोंदींत तफावत आढळल्यामुळे अमुक इतकी रक्कम व्याजासह ३० दिवसांच्या आत भरावी, असे त्यात लिहिले होते. त्यातले काहीही मी देणे लागत नव्हते, हे आज मी खात्रीने सांगू शकते. पण त्या संध्याकाळी मला तसे मुळीच वाटले नव्हते. माझ्याच हातून काहीतरी राहून गेले असणार, असेच पहिल्यांदा मनात आले, आणि पत्रातली आकडेमोड वाचण्याआधीच मी ती रक्कम कशी उभी करायची याचा विचार करू लागले. सरकारी पत्राचा दरारा असा असतो की मागितलेली रक्कम आपण आधी देणे म्हणून मान्य करून बसतो, आणि ती बरोबर आहे का हा प्रश्न त्यानंतर सुचतो.

माझे मामा आयुष्यभर हिशेबनीस होते. त्यांनी पत्र शांतपणे वाचले आणि म्हणाले, "पैसे भरायचे की नाही ते मागाहून ठरव. आधी हा आकडा कुठून आला, ते काढ." त्यानंतरच्या सात महिन्यांत मी जे काही केले, ते या एका वाक्याच्या आधाराने केले.

पत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता होता. माझ्या पगारातून कापलेला कर मी दाखवला होता त्यापेक्षा खात्याच्या नोंदीत कमी दिसत होता. मामांनी दोन्ही रकमांतला फरक काढला, त्याला ९ ने भागून पाहिले आणि भाग पूर्ण गेल्यावर माझ्याकडे बघितले. शेजारशेजारचे दोन अंक लिहिताना उलटे पडले, की येणाऱ्या फरकाला नेहमी ९ ने भाग जातो: ५,७४२ ऐवजी ५,४७२ लिहिले तर फरक २७० येतो, म्हणजे ९ गुणिले ३०. खतावणीचा, म्हणजे खातेवहीचा, ताळा जमत नसेल तेव्हा जुने हिशेबनीस ही कसोटी लावून पाहत. जमेची रक्कम चुकून उलट्या, म्हणजे नावेच्या, बाजूला पडली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. म्हणून फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत दिसते का, हेही ते शोधत. मामांनी लगेच बजावले की ९ ने भाग जाणे हा पुरावा नव्हे, तो योगायोगही असू शकतो; चूक कुठे शोधायची एवढेच त्यावरून कळते. आम्ही पगारपत्रके काढून महिन्यामहिन्याची बेरीज ताडून पाहिली. ज्या कार्यालयाने कर कापून भरला होता, त्यानेच खात्याला माहिती कळवताना एका महिन्याच्या रकमेतले दोन अंक उलटे लिहिले होते.

करखात्याचा संगणक अशा वेळी नेमके काय करतो, हे समजून घेतले की मनावरचे निम्मे ओझे उतरते. आपले विवरणपत्र एका बाजूला आणि मालक, बँका व इतरांनी आपल्याविषयी कळवलेली माहिती दुसऱ्या बाजूला ठेवून तो त्यांचा मेळ घालतो. मेळ बसला नाही की पत्र निघते. त्या क्षणापर्यंत बहुधा कोणाही माणसाने आपले कागद वाचलेले नसतात, आणि दोन बाजूंपैकी कोणती चूक आहे हे संगणकाला ठाऊक नसते. अमेरिकेच्या करखात्याकडून अशा तफावतीबद्दल जे पत्र जाते, ते ‘सीपी २०००’ या क्रमांकाने ओळखले जाते. हे बिल नाही, आकारणीत बदल करण्याचा प्रस्ताव आहे आणि तो मान्य नसेल तर तसे कळवा, असे ते खाते स्वतःच सांगते. तरीही असंख्य लोक ते बिल समजूनच वाचत असतील, याबद्दल मला शंका नाही, कारण मीही माझे पत्र तसेच वाचले होते.

मी आधी दूरध्वनी केला, ही माझी चूक झाली. पलीकडच्या बाईंनी सौजन्याने ऐकून घेतले, "नोंद घेतली आहे" असे सांगितले, आणि पुढच्या महिन्यात आले ते वाढीव व्याजाचे स्मरणपत्र. तोंडी बोलणे कोणाच्याही दप्तरी लागत नाही. मग मी लेखी हरकत पाठवली: पत्राचा क्रमांक व तारीख, कोणती रक्कम मला मान्य नाही, ती का मान्य नाही, सोबत कोणते कागद जोडले आहेत, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत वसुली थांबवावी ही विनंती. सारे एका पानात बसवले. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रती जोडल्या आणि पोच येईल अशा रीतीने पत्र धाडले. मनस्तापाविषयी दोन परिच्छेद लिहिले होते, ते मामांनी खोडायला लावले. वाचणाऱ्या कारकुनाला तक्त्यातली कोणती ओळ बदलायची आहे, एवढेच कळायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास ज्या कार्यालयाने चुकीची माहिती कळवली होती, त्याच्याकडूनही दुरुस्तीपत्रक भरून घेतले. हे केले नसते, तर खात्याने या वर्षीची मागणी मागे घेतल्यावरही मूळ नोंद चुकीचीच राहिली असती.

मुदतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण बरोबर असलेला माणूस सर्वाधिक वेळा इथेच हरतो. करआकारणीविरुद्ध अपील करण्यासाठी भारतात आणि ब्रिटनमध्ये साधारणपणे ३० दिवस मिळतात. अमेरिकेत खात्याने कर कमी भरल्याची अंतिम नोटीस बजावली, की कर न्यायालयाकडे जाण्यासाठी ९० दिवस असतात. हे दिवस टळले की मागणी चुकीची असूनही कायद्याच्या दृष्टीने कायम होऊ शकते, आणि मग मूळ आकड्याविषयी बोलण्याऐवजी उशीर का झाला, याचाच खुलासा करत बसावे लागते. खात्याकडून उत्तराची वाट पाहत असतानाही ही मुदत चालूच असते. चूक ‘साधी’ आहे म्हणून दुरुस्तीचा अर्ज पुरेल, असे मानून अपिलाची तारीख जाऊ देणे धोक्याचे आहे.

हिशेबच मुळात चुकीच्या रीतीने मांडला असेल तर काय होते, हे ऑस्ट्रेलियाने पाहिले. तिथे २०१५ मध्ये सुरू झालेली, पुढे ‘रोबोडेट’ म्हणून कुप्रसिद्ध झालेली योजना सामाजिक साहाय्य घेतलेल्या लोकांकडून कथित जादा दिलेले पैसे परत मागत असे. एखाद्याचे वर्षाचे उत्पन्न करखात्याकडून घ्यायचे, ते २६ पंधरवड्यांत सारखे वाटायचे आणि प्रत्येक पंधरवड्यात त्याने तेवढे कमावलेच, असे धरायचे, अशी तिची रीत होती. सहा महिने बेकार राहून साहाय्य घेतलेल्या आणि उरलेले सहा महिने नोकरी केलेल्या माणसाची कमाई या भागाकारामुळे त्याच्या बेकारीच्या महिन्यांतही दिसू लागली, आणि तो सरकारचा ऋणको ठरला. सरासरीचे हे गणित शाळकरी मुलालाही चूक म्हणून दाखवता येईल. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी, की आकडा सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्याकडून काढून ज्याच्याकडे मागितले त्याच्यावर टाकली गेली. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांचे कपटे शोधून आणा, नाहीतर पैसे भरा, असे लोकांना सांगण्यात आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका प्रकरणात सरकारने संघीय न्यायालयापुढे अशी मागणी बेकायदा असल्याचे मान्य केले. मे २०२० मध्ये सुमारे ४,७०,००० मागण्यांपोटी वसूल केलेले ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याची घोषणा झाली. आणि जुलै २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाने ही योजना क्रूर, अन्याय्य आणि बेकायदा होती, असा अहवाल दिला. मधल्या काळात ज्यांनी ‘सरकार सांगते म्हणजे असेल’ असे म्हणून पैसे भरले, त्यांच्याविषयी वाचताना मला माझी ती पहिली संध्याकाळ आठवत राहिली.

ब्रिटनच्या टपाल खात्यातही आकड्याचा उगम कोणी विचारू नये, अशीच व्यवस्था होती. ‘होरायझन’ या संगणकप्रणालीतल्या दोषांमुळे उपटपाल कार्यालये चालवणाऱ्यांच्या हिशेबात प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली. कित्येकांनी घरदार पणाला लावून ती भरून काढली आणि ९०० हून अधिक लोकांना फौजदारी खटल्यांत दोषी ठरवण्यात आले. डिसेंबर २०१९ मधल्या उच्च न्यायालयाच्या निकालाने प्रणालीतले दोष उघड केले, आणि बहुतेकांच्या शिक्षा रद्द होण्यासाठी संसदेला २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. तूट आपल्या चुकीमुळे नाही, असे वाटत असूनही तिच्यावर हरकत नोंदवण्याची सोयच त्या प्रणालीत नव्हती. हिशेब पुढे पाठवायचा तर तूट स्वीकारावी लागे, आणि हा स्वीकार पुढे कबुली म्हणून वापरला जाई. पैसे भरल्याने विषय मिटतो, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

खाजगी कर्जाच्या खोट्या मागण्यांकडे मी अधिक कठोरपणे पाहते. कराची मागणी करणारे खाते निदान खरे असते, पत्ता असलेले असते आणि नियमांनी बांधलेले असते. वसुलीचे पत्र पाठवणारा पुष्कळदा मूळ सावकार नसतोच. बँका आणि वित्तसंस्था थकलेली कर्जे गठ्ठ्याने विकतात आणि घेणाऱ्याच्या हाती बहुधा नाव, पत्ता आणि बाकी रक्कम यांची एक यादी पडते. करारनामा किंवा खातेउतारा तिच्यासोबत येतोच असे नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशी कर्जे एका डॉलरला सरासरी ४ सेंट या भावाने विकत घेतली गेल्याचे आढळले. इतक्या स्वस्तात घेतलेल्या यादीतली नावे ताडून पाहण्याची तसदी कोण घेणार? माझ्याशी मिळतेजुळते नाव असलेल्या कोणा बाईंचे कर्ज अशाच यादीतून माझ्या दाराशी आले.

दूरध्वनीवरच्या माणसाने आधी माझी जन्मतारीख विचारली. ती मी दिली नाही. त्याच्याकडे जी माहिती असायला हवी ती त्यानेच सांगावी, एवढे म्हणून मी लेखी पत्र मागितले. मग तो मवाळ झाला आणि म्हणाला, "सद्भावना म्हणून निदान थोडी रक्कम तरी भरा, बाकीचं नंतर बघू." हे वाक्य ज्यांना ऐकावे लागते त्यांना मी कळकळीने सांगू इच्छिते, की थोडी रक्कम भरण्याचा परिणाम थोडा नसतो. भारतात १९६३ च्या मुदत कायद्यानुसार सामान्य कर्जाच्या वसुलीचा दावा न्यायालयात दाखल करायला तीन वर्षांची मुदत आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या कायद्याने ती सहा वर्षांची आहे. पण मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली दिली किंवा अंशतः भरणा केला, तर ती नव्याने मोजली जाऊ शकते. शिवाय जे कर्ज आपले नाही, त्यापोटी एकदा पैसे दिले की ते आपले नाही, हे पटवून देणे किती अवघड होईल, याचा विचार करावा.

मी उत्तरात चारच गोष्टी लिहिल्या. हे कर्ज माझे नाही. माझे असल्याचा दावा असेल तर सहीचा करारनामा, खातेउतारा आणि कर्ज तुमच्याकडे कसे आले याचा कागद पाठवा. तोपर्यंत माझ्याशी केवळ लेखी व्यवहार करा. ही माहिती माझ्या पतअहवालात नोंदवली असेल तर ती काढून घ्या. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुलीची लेखी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत असा लेखी आक्षेप घेतला, तर पडताळणीचे कागद देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. असा स्पष्ट नियम नसेल तिथेही ही विचारणा करता येते, कारण देणे सिद्ध करण्याचा भार शेवटी पैसे मागणाऱ्यावरच असतो. न्यायालयाचे समन्स आले, तर मात्र नुसत्या पत्राने भागत नाही. तारखेला हजर राहून किंवा मुदतीत लेखी जबाब दाखल करून आपले म्हणणे मांडावेच लागते, कारण गैरहजर राहिलेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मग मागणाऱ्याने फारसे काही सिद्ध न करताही खोटे देणे खरे ठरते.

करखात्याचे उत्तर सातव्या महिन्यात आले. दुरुस्ती मान्य केली आहे, आपल्याकडे काही बाकी नाही, एवढाच मजकूर होता. व्याजाची रक्कम शून्य केलेली होती. मामांनी तो कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला आणि तो कायमचा ठेवायला सांगितला. वसुलीवाल्यांनी करारनामा कधीच पाठवला नाही. आमच्या नोंदीतून हे प्रकरण बंद केले आहे, असे पत्र त्यांच्याकडून मिळवायला मला आणखी तीन स्मरणपत्रे लिहावी लागली. ती मी लिहिली, आणि त्याचा उपयोग दोन वर्षांनी झाला. तेच कर्ज, त्याच चुकलेल्या नावासह, दुसऱ्याच एका कंपनीच्या यादीतून पुन्हा माझ्याकडे आले. मी प्रकरण बंद केल्याच्या त्या पत्राची प्रत जोडून चार ओळींचे उत्तर पाठवले आणि पोचपावती त्याच फाईलमध्ये लावली. त्यानंतर त्यांचे पत्र आलेले नाही.