पडदा उघडणारा माणूस

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हाच ठरवलं होतं की सहली, छड्या, डबे यावर बाकीचे लिहितीलच, आपण कुर्ट गेरॉन या जर्मन नटावर लिहायचं. हा माणूस आपल्या शाळेचा नाही, कधी भारतात आलेलासुद्धा नाही, पण माझी त्याच्याशी ओळख झाली ती शाळेच्या हॉलमध्येच.

नववीत गॅदरिंगच्या नाटकात मला सूत्रधार दिला होता. सुरुवातीला यायचं, एक गाणं म्हणायचं आणि विंगेत जायचं, बास. मला मोठं काम हवं होतं म्हणून मी दोन दिवस प्रॅक्टिसला गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी नाटक बसवणाऱ्या सरांनी (नाव छापू नकोस असं त्यांनी बजावलंय) मला स्टेजच्या पायरीवर शेजारी बसवलं आणि विचारलं, तीन पैशाचा तमाशा माहितीये का? पु.लं.चं, जब्बार पटेलांनी १९७८ मध्ये बसवलेलं, सरांनी ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल बोलताना ते थांबायचेच नाहीत. म्हणाले, ते मुळात ब्रेख्तचं जर्मन नाटक, १९२८ मध्ये बर्लिनला पहिला प्रयोग झाला तेव्हा पडदा उघडल्यावर पहिलं गाणं ज्यानं म्हटलं त्याचं नाव हे घे. आणि माझ्या स्क्रिप्टच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून दिलं, कुर्ट गेरॉन. मी विचारलं, पुढे काय झालं त्याचं? सर म्हणाले, युद्धात गेला. एवढंच.

मला वाटलं सैनिक म्हणून लढता लढता गेला असेल. खरं काय ते कळायला पुढे कॉलेजची लायब्ररी आणि मग इंटरनेट उजाडावं लागलं.

तर गेरॉन ११ मे १८९७ चा, बर्लिनचाच, ज्यू घरातला. मेडिकलला होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढला, गंभीर जखमी झाला आणि युद्ध संपल्यावर डॉक्टरकी सोडून नाटकात शिरला. देह अवाढव्य, आवाज घोगरा आणि दणदणीत, त्यामुळे हिरोची कामं त्याला कोण देणार, पण खलनायक, पोलीस, मॅनेजर, जादूगार अशा कामांत त्याला तोड नव्हती. ३१ ऑगस्ट १९२८ ला शिफबाउअरडाम थिएटरात ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइलच्या त्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात तो पोलीसप्रमुख टायगर ब्राउन होता आणि शिवाय सुरुवातीला रस्त्यावरचा गाणारा म्हणून मॅकी या गुंडाचे पराक्रम गाऊन सांगायचा. जत्रेत चित्रं दाखवत खुनांच्या गोष्टी गाणारे लोक तिकडे असायचे, आपल्याकडे चित्रकथी असतात त्याच जातीचे. पुढे हेच गाणं मॅक द नाइफ म्हणून लुई आर्मस्ट्राँगपासून कोणीकोणी गायलं, ते जगभर झालं, पण पहिल्या रात्री ते ज्याच्या गळ्यातून आलं त्याला कोणी ओळखत नाही आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

१९३० च्या द ब्लू एंजल सिनेमातला त्याचा जादूगार पाहिलाय का कोणी? जरूर बघा. एका प्रतिष्ठित प्रोफेसरला त्याच्याच गावच्या लोकांसमोर विदूषक करून स्टेजवर उभं करतो, डोक्यावर अंडी फोडतो आणि कोंबड्यासारखं आरवायला लावतो. गेरॉन ते इतकं सहज करतो की अंगावर काटा येतो. मी तो सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा शेवट मला माहीत झालेला होता, त्यामुळे मला तो नीट बघवलाच नाही, का ते पुढे लिहितो.

१९३३ ला हिटलर आला. तोपर्यंत गेरॉन सिनेमे दिग्दर्शित करायला लागला होता, त्याच एप्रिलमध्ये शूटिंग चालू असताना ज्यू म्हणून त्याला सेटवरून घालवून दिलं. बायको ओल्गाला घेऊन तो आधी पॅरिसला गेला, मग फिरत फिरत हॉलंडला. तिथे परत काम उभं केलं, परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यानं कधी स्टेजवर तोंड उघडलंय त्याला कळेल हे काय असतं ते. पण मे १९४० मध्ये जर्मन फौजा तिथेही पोचल्या. ॲम्स्टरडॅमच्या हॉलंडशे स्खाउबुर्ख या थिएटरला जर्मनांनी ज्यूंचं थिएटर करून टाकलं, कलाकार ज्यू आणि प्रेक्षकही फक्त ज्यूच. गेरॉननं तिथे कामं केली. आणि १९४२ च्या उन्हाळ्यात तेच थिएटर छावण्यांत पाठवायच्या लोकांना कोंडून ठेवायची जागा झालं. ज्या हॉलमध्ये लोक याला बघून हसले होते त्याच हॉलमध्ये माणसं सामान घेऊन गाडीची वाट बघत बसवली जात होती. मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपला शाळेचा हॉलच आठवला, कारण माझ्या डोक्यात थिएटर म्हटलं की तोच येतो.

पुढे त्यालाही पकडलं, आधी हॉलंडमधलीच वेस्टरबोर्क छावणी, मग फेब्रुवारी १९४४ मध्ये प्रागच्या उत्तरेला तेरेझिन, जर्मन नाव थेरेझिएनश्टाट, जुनं किल्ल्याचं गाव, तिथे ज्यू डांबलेले. भूक आणि रोगराईनं तिथल्या तिथे ३३ हजारांच्या आसपास माणसं मेली. अशा ठिकाणी या माणसानं कॅबरे सुरू केला! नाव कारुसेल, म्हणजे मेरी-गो-राउंड. कैद्यांनीच गाणी लिहिली, कैद्यांनीच वाजवलं, आणि गेरॉन पुन्हा एकदा मॅकीचं गाणं गायला.

आणि मग ती फिल्म. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसची माणसं पाहणीला येणार म्हणून नाझींनी गाव रंगवून काढलं, गर्दी दिसू नये म्हणून आधीच्या महिन्यात साडेसात हजार लोक ऑशविट्झच्या मृत्युछावणीला पाठवून दिले. पाहणी छान पार पडली. मग नाझींनी हा देखावा कॅमेऱ्यात पकडायचा ठरवला आणि दिग्दर्शक नेमला गेरॉनला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शूटिंग झालं, बागकाम करणारे, फुटबॉल खेळणारे, व्याख्यान ऐकणारे आनंदी कैदी. ब्रुंडीबार नावाचा मुलांचा ऑपेरा तिथली मुलं करायची, आपल्या पाचवी-सहावीच्या वयाची, त्याचाही सीन घेतलाय.

म्हणून तो जादूगार मला बघवत नाही. १४ वर्षांनी त्यालाच कोंबड्यासारखं आरवायला लावलं.

काही जण त्याला दोष देतात, नाझींसाठी फिल्म केली म्हणून. मी यावर खूप विचार केलाय आणि मला हे पटत नाही. मानेवर सुरी असलेल्या माणसाला नाही म्हणायची सोयच नसते, आणि खरं सांगू का, मला वाटतं कॅमेरा चालू आहे तोवर फ्रेममधली माणसं जिवंत आहेत एवढाच हिशोब त्यानं केला असेल. तो हिशोब चुकला. शूटिंग संपल्यावर सप्टेंबरअखेरपासून एकामागून एक गाड्या सुटल्या, ब्रुंडीबारची बरीचशी मुलं त्यात गेली, वाजवणारे गेले, आणि २८ ऑक्टोबरच्या गाडीत गेरॉन आणि ओल्गा गेले. ती तेरेझिनहून ऑशविट्झला गेलेली शेवटची गाडी, त्यानंतर गाडी गेलीच नाही. त्याला गॅस चेंबरमध्ये मारलं तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. तीन महिन्यांनी, २७ जानेवारी १९४५ ला रशियन फौजा तिथे पोचल्या. फिल्म त्याला एडिटसुद्धा करू दिली नव्हती, आता तिचे तुकडेच शिल्लक आहेत.

मी नट झालो नाही, नोकरी केली. पण त्या वर्षी सूत्रधार केला आणि नीट केला, गाणं संपल्यावर विंगेत उभं राहून पूर्ण नाटक पाहिलं.

गेल्या महिन्यात स्मरणिकेच्या निमित्तानं सरांकडे गेलो होतो. वय झालंय, ऐकायला कमी येतं. मोबाईलवर १९३० चं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे, त्याच्याच आवाजातलं, मॅकीचंच गाणं. फोन त्यांच्या कानाशी धरला. शब्द ना त्यांना कळत ना मला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "परत लाव."