पोळ्याच्या पावसात केळवदची पांदण: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

"ऑटोमॅटिक शहरासाठी. चिखलातून गाडी काढायची तर क्लचच पाहिजे." नागपुरात फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायला निघालेल्या माणसाला हे कोणी ना कोणी ऐकवतंच. केळवदजवळच्या काळ्या मातीत हे साफ चुकीचं ठरलं. मॅन्युअल रुतली, तिचा क्लच जळाला, आणि ऑटोमॅटिक त्याच चाकोरीतून पार झाली.

मार्ग नागपूर, सावनेर, केळवद, सौंसर, छिंदवाडा, तामिया आणि परत. गाड्या दोन, एकाच मॉडेलच्या, दोन्ही डिझेल, टायर सारखे. एक सहा गिअरची मॅन्युअल, दुसरी सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. तामियाकडचा एक दगडी उतार सोडला तर सिल्लेवानी घाट, तामिया, पातालकोटची दरी हे सगळं डांबरावरून होतं, कोणतीही गाडी जाते. फोर-लो (चारही चाकं हळू पण जास्त जोराने फिरवणारी रेंज) कधी आणि कसं टाकायचं हे येतं असं धरूनच पुढचं वाचा.

केळवदची पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, जेमतेम दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मधे बंडीची खोल चाकोरी. आदल्या रात्रभर पाऊस. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की शंभर फुटांत टायर गुळगुळीत होतो. तिथून पुढे नक्षी कोणतीही असो, चाक फक्त फिरतं. तिथे गाडी थांबू न देणं आणि चाकाला झटका न देणं, दोन्ही एकाच वेळी साधावं लागतं. मॅन्युअलमध्ये नेमकं इथेच फसतं. गती कमी झाली की पाय आपोआप हाफ क्लचवर जातो, म्हणजे पेडल अर्धवट दाबलेलं राहतं. वळणावर धुऱ्याला (शेताच्या बांधाला) लागून जेमतेम तीस फूट चढ आहे. तिथे तीन प्रयत्न हाफ क्लचवर झाले आणि जळका वास आला. चौथ्या प्रयत्नात पेडल वरपर्यंत आल्यावरच गाडी हलायला लागली. म्हणजे क्लचची प्लेट तापून घसरत होती.

योग्य पद्धत अशी. फोर-लो, दुसरा गिअर, क्लच एकदाच पूर्ण सोडायचा आणि पाय पेडलवरून बाजूला घ्यायचा. चढ दिसला तर गिअर आधीच बदलून घ्या, चढावर क्लच दाबला की गेलेली गती परत येत नाही. वास आलाच तर न्यूट्रल करून क्लच सोडून ठेवा आणि किमान वीस मिनिटं थांबा. पेडल दाबून थांबणं म्हणजे क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा बळी.

ऑटोमॅटिक का निघाली? टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडलेले असतात, त्यामुळे ताकद चाकाला तुटक न जाता सलग जाते, आणि सुरुवातीला टॉर्क (फिरवायचा जोर) दुपटीच्या आसपास वाढतोही. फोर-लो, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद, ॲक्सिलरेटरवर हलका स्थिर पाय. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवू नका, बॉक्स नको तिथे वरचा गिअर टाकतो. पण तिची खोड म्हणजे तेल तापणं. चाक फिरत राहिलं की कन्व्हर्टर आतल्या आत घुसळत राहतो. तापमानाची सूचना आली तर इंजिन बंद करू नका. पी (पार्किंग) मध्ये आयडलवर ठेवा, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. चिखलात दोन-तीन सहली झाल्या की गिअर ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला.

दोन्ही गाड्यांना हवा १८ ते २० पीएसआय. सोबत फावडं, दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), ओढायचा पट्टा, तो अडकवायला पाऊण इंची दोन डी-शॅकल आणि कॉम्प्रेसर. पट्टा बंपरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही, फक्त चेसिसच्या हुकाला.

आता ट्रॅक्टरचं. रुतलेली मॅन्युअल शेवटी ट्रॅक्टरनेच ओढून काढावी लागली. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरशिवाय पर्याय नसतो आणि ते ट्रॅक्टरवाल्याला पक्कं माहीत असतं. "काढून तर देऊ, मग बघू" असं म्हणून दोर बांधला. ओढायला चार मिनिटं लागली, मागितले साडेतीन हजार. दोर बांधण्याआधी भाव ठरवा, आणि तो दुसऱ्या माणसासमोर ठरवा. पोळा किंवा तान्हा पोळा असेल तर या पांदणीत एकट्या गाडीने जाऊच नका.

तामियाकडच्या दगडी उतारावर चित्र उलटं. गिअरची गुणोत्तरं पहिला गिअर ४, लो रेंज २.५ आणि डिफरन्शिअल ३.७ धरली तर गुणाकार ३७, म्हणजे इंजिनच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक. इंजिन ८०० आरपीएमला आयडल असताना चाक मिनिटाला साधारण २१-२२ फेऱ्या घेतं, म्हणजे ताशी तीन किलोमीटरच्या आसपास. मॅन्युअल तेवढ्याच चालीने, ब्रेकला हात न लावता उतरली. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर घसरतो, इंजिनचं ब्रेकिंग ढिलं पडतं आणि गाडी पुढे पळू पाहते. हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक लावून गती धरणारी यंत्रणा) काम करतं, पण ब्रेकच्या जिवावर, आणि ब्रेक तापतात. दगडात, उन्हाळ्यात, उतारांसाठी मॅन्युअल. पावसाळी काळ्या मातीसाठी ऑटोमॅटिक. नागपूरच्या आसपास बहुतेकांची गाठ काळ्या मातीशीच पडते.

एक गोष्ट दोन्हींसाठी. ट्रान्सफर केसचा (टू-व्हील, फोर-व्हील बदलायचा) लिव्हर न्यूट्रलला राहिला तर पी मध्ये किंवा गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा उतारावर सुटते. हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून खाली उतरू नका.

परतीला डांबरावर चढण्याआधी टू-व्हील टाका आणि हवा भरा. मग चाकाच्या रिममध्ये आतून हात घालून माती काढा. ती वाळली की विटेसारखी बसते आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. सावनेरला धुलाईवाले बाहेरूनच पाणी मारतात, आतली माती तशीच राहते. रेडिएटरच्या जाळीवरही धारेचं पाणी नको, पाइपने हलकं सोडा.